एकाच नावाचे दोन धनी

अमरावती जिल्ह्यातल्या चौदा तालुक्यांपैकी दोन तालुक्यांच्या गावांचे मूळ नाव एकच आहे. एक चांदूर अमरावतीच्या उत्तरेला, संत्र्याच्या पट्ट्यात. दुसरे आग्नेयेला, मुंबई–नागपूर लोहमार्गावर, बडनेरा आणि धामणगावच्या मध्ये. अमरावतीच्या एसटी स्थानकावरून दोन्हीकडे गाड्या सुटतात. तिथे पाटीवर नुसते ‘चांदूर’ लिहून भागत नाही, म्हणून एकापुढे ‘बाजार’ आणि दुसऱ्यापुढे ‘रेल्वे’ लिहिलेले असते. मात्र चांदूर रेल्वेत राहणारा माणूस आपल्या गावाबद्दल बोलताना ‘रेल्वे’ हा शब्द क्वचितच उच्चारतो. त्याच्या लेखी चांदूर एकच. रेल्वेच्या दप्तरातही त्या स्थानकाचे नाव फक्त ‘चांदूर’ आहे, कारण रेल्वेच्या यादीत ‘रेल्वे’ हे विशेषण कोणालाच वेगळे काढत नाही. वऱ्हाडात आणि त्याच्या शेजारी अशी नावे भरपूर आहेत. धामणगाव रेल्वे आहे, धामणगाव गढी आहे आणि बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. वाशीम जिल्ह्यात कारंजा लाड, तर वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे. खानदेशात जळगाव, तर बुलढाण्यात जळगाव जामोद. एका नावाचे दोन धनी जिथे समोरासमोर येतात, तिथेच नावाला जोड लागते. एरवी छोटे नाव पुरते. लोकांनी वापरून वापरून पक्का केलेला हा व्यवहार संगणकाच्या प्रणाली लिहिणाऱ्यांनाही करावा लागतो. तो कसा करावा यावर त्या क्षेत्रात गंभीर मतभेद आहेत, आणि त्या मतभेदांचा निकाल लावण्याइतका पुरावा आज आपल्या हाताशी आहे.

आजचा कोणताही मोठा प्रोग्रॅम एका माणसाने पहिल्या ओळीपासून लिहिलेला नसतो. तारखांचा हिशेब, फाइल वाचणे, जाळ्यावरून माहिती मागवणे, आकडे जुळवणे अशा कामांसाठी इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्ररी त्यात आणल्या जातात. या आणण्याला इम्पोर्ट म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, डेटाबेस, उपकरणांत बसवलेले सॉफ्टवेअर असे यंत्राच्या अगदी जवळचे काम ज्या भाषांत करतात, त्यांना सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या भाषा म्हणतात. सी आणि सी प्लस प्लस या त्यांतल्या जुन्या. रस्ट ही अलीकडची. मोझिला संस्थेत काम करणाऱ्या ग्रेडन होअर यांनी ती सुरू केली, १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि डिसेंबर २०२२ मधल्या लिनक्स ६.१ पासून तिला लिनक्सच्या गाभ्यात जागा मिळाली. रस्टच्या सार्वजनिक भांडारात लाखाहून अधिक लायब्ररी आहेत. त्या लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत आणि नावे ठरवताना एकमेकांना विचारतही नाहीत. त्यांतल्या प्रत्येकीत ‘टाइप’ असतात. टाइप म्हणजे माहितीचा प्रकार: ही संख्या आहे, ही तारीख आहे, हा यादीचा साचा आहे, हे एखाद्या कामाचे फलित आहे, असे कंपायलरला (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला) सांगणारी व्याख्या. ‘एरर’, ‘रिझल्ट’, ‘कॉन्फिग’, ‘क्लायंट’ ही टाइपची नावे शेकडो लायब्ररींत सापडतात, कारण त्या कामाला तीच नावे साजतात. त्यामुळे दोन लायब्ररी एका फाइलमध्ये आल्या की नावाला नाव भिडणे हा अपघात उरत नाही, तो रोजचा व्यवहार होतो.

रस्टच्या स्वतःच्या प्रमाणित लायब्ररीतलेच उदाहरण पाहू. तिच्यात ‘रिझल्ट’ नावाचा एक सर्वसाधारण टाइप आहे. काम फत्ते झाले तर त्यात मिळालेली वस्तू असते, फसले तर चूक असते. त्याच लायब्ररीत ‘एफएमटी’ नावाचा विभाग आहे, मजकूर छापण्याजोगा मांडून देणारा. त्याचा स्वतःचा ‘रिझल्ट’ आहे. त्यात यश मिळाले तरी हातात काही येत नाही, फक्त ‘झाले’ एवढेच कळते. आणखी एक विभाग ‘आयओ’, म्हणजे फाइल वाचण्या-लिहिण्याचा. त्याचाही ‘रिझल्ट’ आहे; त्यात यशस्वी झाल्यास वाचलेली माहिती असते आणि फसल्यास फाइल सापडली नाही, परवानगी नाही अशा तऱ्हेची चूक असते. तिघांचे नाव एक, काम वेगळे. एखाद्याने एकाच फाइलच्या माथ्यावर ‘एफएमटी’चा आणि ‘आयओ’चा रिझल्ट दोन्ही जसेच्या तसे आणले, तर रस्टचा कंपायलर तिथेच थांबतो. ई०२५२ या क्रमांकाची चूक दाखवतो, हे नाव दोनदा आणले आहे असे सांगतो, आणि त्यातल्या एकाला ‘अ‍ॅज’ हा शब्द वापरून वेगळे स्थानिक नाव द्या असे सुचवतोही. मग प्रोग्रॅमर लिहितो: यूज एसटीडी::आयओ::रिझल्ट अ‍ॅज आयओरिझल्ट. मुळात ही ओळ रोमन लिपीत असते. तिचा अर्थ असा की प्रमाणित लायब्ररीच्या आयओ विभागातला रिझल्ट या फाइलपुरता आयओरिझल्ट या नावाने ओळखला जाईल. यालाच एलियास म्हणतात, आपल्या सातबाऱ्यावर किंवा कोर्टाच्या कागदावर जसे ‘ऊर्फ’ येते तसे. त्या फाइलबाहेर काहीही बदलत नाही. आयओ विभागाला या नव्या नावाची खबरही नसते.

माझे म्हणणे असे आहे की हे ऊर्फ नाव फार उपयोगी हत्यार आहे, पण त्याचा अधिकार मर्यादित आहे. दोन खरी नावे एका ठिकाणी भिडली, किंवा एका नावावरून दुसऱ्या नावाकडे जाण्याचा संक्रमणकाळ असला, तरच ते वापरावे. वापरावे तेव्हा मूळ ठिकाणाची खूण त्याच्यात ठेवावी. आणि त्याच्याकडून संरक्षणाची अपेक्षा करू नये. निव्वळ टंकलेखन वाचवण्यासाठी, आपल्या आवडीचे नाव रुळवण्यासाठी किंवा प्रकार वेगळे ठेवल्याचा देखावा करण्यासाठी ऊर्फ नाव दिले की वाचणाऱ्याचे नुकसान होते. या म्हणण्यावर पहिला सरळ आक्षेप असा येतो की नावे भिडतातच का? लायब्ररी लिहिणाऱ्यांनी पहिल्यापासून वेगळी, लांब, एकमेव नावे ठेवली तर ऊर्फ नावाची गरजच पडणार नाही. हा विचार कल्पनेतला नाही. सी भाषेने तो पन्नास वर्षे करून पाहिला आहे.

सी भाषेत नावांसाठी वेगवेगळी दालने नाहीत, एकच मोठे मैदान आहे. म्हणून सीच्या लायब्ररी आपल्या प्रत्येक नावाला मागे शेपूट न लावता पुढे डोके लावतात. खिडक्या आणि बटणे काढणाऱ्या जीटीकेची नावे ‘जीटीके’ने सुरू होतात, समांतर कामे चालवणाऱ्या पीथ्रेडची ‘पीथ्रेड’ने. याचा परिणाम असा की दहा हजार ठिकाणी एकच लायब्ररी वापरली आणि संघर्ष एकाही ठिकाणी नसला, तरी दहाही हजार ठिकाणी ते डोके लिहावे आणि वाचावे लागते. जिथे भांडण नाही तिथेही दंड भरायचा, असा हा प्रकार. शिवाय ज्याने डोके लावले नाही तो इतरांच्या अंगणात शिरतो. विंडोजच्या मुख्य शीर्षफाइलमध्ये ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ ही दोन छोटी नावे मॅक्रो म्हणून (कंपाइल होण्याआधी मजकूर बदलणारी नावे म्हणून) व्यापलेली आहेत. त्यामुळे सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीतली त्याच नावाची फंक्शने वापरताना विचित्र चुका येतात, आणि त्या मॅक्रो बंद करण्यासाठी प्रोग्रॅमरांना आधी एक वेगळी खूण लिहून ठेवावी लागते. म्हणजे सगळ्यांनी लांब नावे ठेवावीत हा उपाय महाग आहे, आणि एकाने जरी शिस्त मोडली तरी तो कोलमडतो. चांदूर रेल्वेतल्या माणसाने गावातल्या गावात दर वाक्याला ‘रेल्वे’ म्हणावे असा आग्रह कोणी धरत नाही, ते याच कारणाने शहाणपणाचे आहे. नाव आपल्या घरात छोटे असावे आणि दोन घरे एकत्र आली की त्या जागी ते मोठे व्हावे. रस्टसारख्या भाषांनी विभागवार दालने आणि ‘अ‍ॅज’ यांची जोडी करून हाच व्यवहार नियमात बसवला.

पण छोटे नाव आणि जोडलेले नाव यांच्या मागे तिसरी गोष्ट उभी असावी लागते: न बदलणारा पूर्ण पत्ता. टपाल खात्याला हे फार आधी उमगले. देशभर सारख्या नावांची गावे, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते आणि अपुरी माहिती यांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. तो आखण्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याकडे जाते; ते केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात वरिष्ठ पदावर होते आणि संस्कृतचे नामांकित कवीही होते. चांदूर रेल्वेचा पिन ४४४९०४ आणि चांदूर बाजारचा ४४४७०४. पाकिटावर नुसते ‘चांदूर’ लिहिलेले असले तरी आकडा बरोबर असेल तर पत्र योग्य तालुक्यात पोचते. कंपायलरचेही असेच आहे. प्रोग्रॅमरने फाइलमध्ये रिझल्ट लिहिले काय किंवा आयओरिझल्ट लिहिले काय, कंपायलर ते नाव शेवटी त्याच्या पूर्ण वाटेपर्यंत नेऊन जोडतो. ऊर्फ नावामुळे प्रोग्रॅम मंद होत नाही, तयार फाइल जाड होत नाही, यंत्राला कसलाच फरक पडत नाही. फरक पडतो तो वाचणाऱ्या माणसाला. म्हणून ऊर्फ नाव चांगले की वाईट हे ठरवण्याचा अधिकारही वाचणाऱ्याकडे जातो. टाइप करणाऱ्याचे श्रम किती वाचले, यावर तो निकाल लावता येत नाही.

वाचणाऱ्याची बाजू घेतली की पुढचा प्रश्न येतो: जोड कशाची द्यावी? इथे दोन चांदुरांकडून एक महत्त्वाची गोष्ट शिकता येते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. तेव्हापासून एका चांदुरात रेल्वे होती आणि दुसऱ्यात नव्हती, त्यामुळे ‘रेल्वे’ या जोडीने नेमकी निवड होत होती. पुढे अमरावती–नरखेड हा नवा मार्ग सुरू झाला आणि चांदूर बाजारलाही रेल्वेस्थानक मिळाले. आता दोन्ही गावांत रेल्वे आहे आणि दोन्ही गावांत बाजारही आहे. विशेषणाचा अर्थ झिजला, फक्त ओळख उरली. सॉफ्टवेअरमध्ये हे फार वेगाने घडते. विंडोजच्या प्रोग्रॅमिंगमध्ये ‘डब्ल्यूपॅराम’ नावाचा टाइप आहे. त्यातला ‘डब्ल्यू’ हा ‘वर्ड’, म्हणजे त्या काळच्या १६ बिटांच्या मापाचा होता. पुढे यंत्रे ३२ बिटांची झाली, मग ६४ बिटांची झाली आणि तो टाइपही त्यांच्याबरोबर वाढत गेला. नाव मात्र १६ बिटांच्या जमान्याचेच राहिले. ‘एलपीएसटीआर’मधले ‘एलपी’ हे ‘लाँग पॉइंटर’चे. जवळचा आणि लांबचा पॉइंटर हा भेद जुन्या प्रोसेसरांबरोबर संपला, पण ते नाव आजही नव्या फाइलींत लिहिले जाते. कोणी म्हणेल, बिघडले कुठे? चांदूर रेल्वेचे काही अडत नाही, तसे डब्ल्यूपॅरामचेही अडत नाही. हे खरे आहे, पण ते कशाच्या बळावर खरे आहे हे पाहायला हवे. गावाच्या नावामागे हजारो लोकांचा रोजचा वापर उभा असतो आणि विंडोजमागे लाखो प्रोग्रॅमरांची सवय उभी आहे. तुमच्या-माझ्या प्रोग्रॅममधल्या एका फाइलमागे असे कोणीच उभे नसते. तिथे ‘न्यूपार्सर’, ‘फास्टक्लायंट’, ‘ओल्डकॉन्फिग’ अशी गुणावरून किंवा काळावरून दिलेली ऊर्फ नावे दोन-तीन वर्षांत खोटी पडतात. नवे जुने होते, वेगवान असलेले दुसऱ्यापेक्षा मंद ठरते. मूळ विभागाचे नाव मात्र खोटे पडत नाही. म्हणून ‘आयओरिझल्ट’ हे चांगले ऊर्फ नाव: ते घराण्याचे नाव घेऊन येते आणि वाचणाऱ्याला उगमाकडे बोट दाखवते.

आता संरक्षणाचा मुद्दा. ऊर्फ नावाने नवा टाइप जन्माला येत नाही. जुन्यालाच दुसरी हाक मिळते. रस्टमध्ये साध्या पूर्णांकाला ‘किलोमीटर’ असे ऊर्फ नाव देता येते आणि त्याच पूर्णांकाला ‘मैल’ असेही देता येते. वाचताना वाटते की दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आता गोंधळ होणार नाही. पण कंपायलरच्या दृष्टीने दोन्ही एकच, आणि किलोमीटरांत मैल मिळवले तर तो चकार शब्द काढत नाही. असा गोंधळ किती महाग पडतो याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला नासाच्या मंगळमोहिमेतला आहे. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान डिसेंबर १९९८ मध्ये निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताना हरवले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होते आणि ते घेणारे दुसरे सॉफ्टवेअर न्यूटन-सेकंदांची अपेक्षा करत होते. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक. आकडा आकड्यासारखाच दिसतो. एकक त्याच्या अंगावर गोंदलेले नसते. ज्याला खरे संरक्षण हवे त्याने ऊर्फ नावावर न थांबता वेगळा टाइपच बनवावा. रस्टमध्ये त्या आकड्याभोवती एक नवा, वेगळ्या नावाचा साचा घालतात. त्याला न्यूटाइप म्हणतात आणि त्यासाठी चालत्या प्रोग्रॅमला जादा किंमत मोजावी लागत नाही. मग न्यूटनच्या जागी पाउंड दिला की कंपायलर प्रोग्रॅम तयारच करत नाही. ऊर्फ नाव देऊन निर्धास्त होणे हा या क्षेत्रातला सर्वांत धोकादायक गैरसमज आहे, कारण त्यात काळजी घेतल्याचे समाधान मिळते आणि काळजी घेतलेली नसते.

इतक्या मर्यादा सांगितल्यावर ऊर्फ नाव टाळलेलेच बरे, असे कोणाला वाटेल. ते चूक ठरेल, कारण संक्रमणकाळात त्याच्याइतके कामाचे दुसरे साधन नाही. सी भाषेत वेळ साठवण्यासाठी ‘टाइम-टी’ नावाचा ऊर्फ टाइप आहे. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले याची तो मोजदाद ठेवतो. बऱ्याच जुन्या यंत्रणांत तो ३२ बिटांचा होता आणि त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात. हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपतो. पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ सालात उडी मारते. या संकटावरचा उपाय म्हणजे तो टाइप ६४ बिटांचा करणे. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने मे २०१४ मधल्या ५.५ आवृत्तीत हा बदल आपल्या सगळ्या यंत्रांसाठी केला. ज्या प्रोग्रॅमरांनी सगळीकडे इमानाने ‘टाइम-टी’ लिहिले होते, त्यांच्या प्रोग्रॅममध्ये व्याख्या एका जागी बदलली आणि पुन्हा कंपाइल केल्यावर बहुतेक काम झाले. ज्यांनी तिथे थेट ‘इंट’ (साधा पूर्णांक) लिहिले होते, त्यांचा प्रत्येक ‘इंट’ हुडकून हा वेळेचा आहे की मोजणीचा, हे ठरवावे लागले. अर्थात डिस्कवर आधीच लिहून ठेवलेल्या फाइली आणि यंत्रांमधल्या संवादाचे साचे यांचे काम ऊर्फ नावाने सुटत नाही. ते वेगळे करावे लागते. तरीही जे काम सुटले ते प्रचंड होते.

दुसरा दाखला गो भाषेचा. तिच्यात ‘कॉन्टेक्स्ट’ नावाचा टाइप आधी एका बाहेरच्या पॅकेजमध्ये होता. तो इतका वापरला जाऊ लागला की ऑगस्ट २०१६ च्या १.७ आवृत्तीत त्याला प्रमाणित लायब्ररीत घेतले. आता जगभरच्या प्रोग्रॅमांत दोन पत्त्यांवरचा एकच टाइप झाला, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी पत्ता बदलणे अशक्य होते. अर्धा संघ जुन्या पत्त्यावर आणि अर्धा नव्या पत्त्यावर असताना दोघांचे प्रोग्रॅम एकमेकांशी जुळले पाहिजेत, ही अडचण होती. ऑगस्ट २०१७ च्या १.९ आवृत्तीत गोने टाइपसाठी ऊर्फ नावांची सोय आणली ती मुख्यतः अशा स्थलांतरासाठी. जुन्या पत्त्यावर एक ओळ ठेवली: हा टाइप म्हणजे तिकडचाच. त्यानंतर ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपली फाइल सुधारली आणि मधल्या काळात कोणाचेही काम थांबले नाही. रस्टमध्येही एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या काही काळ शेजारी नांदवाव्या लागतात, आणि २०१८ च्या अखेरीपासून तिथल्या कार्गो या साधनात अवलंबलेल्या लायब्ररीलाच स्थानिक वेगळे नाव देता येते. जिथे मोठा समाज एका नावावरून दुसऱ्या नावाकडे जातो, तिथे दोन्ही नावे खरी मानणारा एक कालखंड लागतो. ऊर्फ नाव तो कालखंड सुरक्षित करते. फक्त तो संपल्यावर जुने नाव काढून टाकण्याची तारीख आधीच लिहून ठेवावी, नाहीतर तात्पुरता मांडव कायमचे घर होऊन बसतो.

अनुभवी प्रोग्रॅमरांचा सर्वांत वजनदार आक्षेप शोधाबद्दल आहे. एखाद्या टाइपमध्ये दोष सापडला तर तो कुठे कुठे वापरला आहे हे पाहण्यासाठी ते त्याचे नाव सगळ्या फाइलींत शोधतात. एकाने त्याला आयओरिझल्ट म्हटले, दुसऱ्याने फाइलरिझल्ट आणि तिसऱ्याने नुसते ‘आर’, तर शोध फसतो. लिनक्सच्या गाभ्याचे लेखननियम याच धारणेतून आलेले आहेत: स्ट्रक्चरना आणि पॉइंटरना टाइपडेफने (सीमधल्या ऊर्फ नावाच्या सोयीने) नवी नावे देऊ नका, कारण त्यामुळे समोर काय आहे हे वाचणाऱ्यापासून लपते, असे ते बजावतात. मोजक्या अपवादांना ते परवानगी देतात, उदाहरणार्थ ठरावीक बिटांच्या संख्या किंवा मुद्दाम झाकून ठेवलेले प्रकार. हा आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्या मुख्य म्हणण्याला तो बळच देतो. ऊर्फ नाव फाइलच्या माथ्यावर, उघड्यावर, एका ओळीत असावे. त्याच ओळीत पूर्ण पत्ता असल्याने तो शोधला की सगळी ऊर्फ नावेही सापडतात. एका प्रकल्पात एका गोष्टीला एकच ऊर्फ नाव असावे. आणि टाइप चार-दोन ठिकाणीच लागणार असेल, तर ऊर्फ नाव न देता ‘आयओ::रिझल्ट’ असे विभागासकट लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला माथ्यावर जाऊन पाहावेही लागत नाही. रस्टच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात हे दोन्ही मार्ग रूढ म्हणून दिले आहेत आणि निवड लिहिणाऱ्यावर सोडली आहे. माझ्या मते ती निवड आवडीवर सोडण्याचे कारण नाही. विभागाचे नाव आखूड आणि बोलके असेल तर पहिला पर्याय विभागासकट लिहिण्याचाच असावा, आणि विभागांची नावेही भिडत असतील किंवा वापर फार दाट असेल तेव्हा ऊर्फ नावाकडे जावे.

यावर पायथन वापरणारे विद्यार्थी एक रास्त प्रश्न विचारतात. आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीला तिथे सर्रास ‘एनपी’ असे दोन अक्षरी ऊर्फ नाव देतात. त्यात संघर्ष नाही, संक्रमण नाही, निव्वळ आखूडपणा आहे, तरी जगभर ते सुखाने चालते. मग आखूडपणासाठी नाव बदलण्यात वाईट काय? याचे उत्तर संख्येत आहे. ‘एनपी’ हा एकट्याचा शोध राहिलेला नाही. ती पाठ्यपुस्तकांपासून संशोधनापर्यंत सगळ्यांनी मान्य केलेली खूण आहे. ती जणू दुसरे अधिकृत नावच झाली आहे, आणि नवशिक्यालाही ती पहिल्याच धड्यात भेटते. प्रत्येक प्रोग्रॅमरने आपल्या सोयीने आपले दोन अक्षरी नाव काढायचे ठरवले, तर ती सर्वमान्यता कुठून येणार? समाजाने रुळवलेले आखूड नाव जरूर वापरावे. आपण एकट्याने आखूड नाव रुळवायला जाऊ नये.

अमरावती आणि बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले सॉफ्टवेअरच्या कामाला लागतात. त्यांतली बहुतेक पहिली काही वर्षे नवे लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेले वाचतात, समजून घेतात आणि दुरुस्त करतात. अभ्यासक्रमात त्यांना क्रम लावण्याच्या आणि शोधण्याच्या पद्धती शिकवल्या जातात, ते योग्यच आहे. पण इम्पोर्टच्या ओळी कशा वाचाव्यात, ऊर्फ नाव कधी द्यावे, कधी नाकारावे आणि कुठे थांबून वेगळा टाइप करावा, हे शिकवायला एक तासिका पुरेल, आणि ती एक तासिका त्यांना नोकरीतल्या पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल. प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांनी प्रोग्रॅम चालतो की नाही एवढे पाहून सही करू नये. वर्गातल्या दुसऱ्या मुलाला ती फाइल देऊन, हे नाव मूळचे कुठले आहे ते एका पावलात सांगता येते का, हे पाहावे. ज्या फाइलच्या बाबतीत ते सांगता येईल तिच्यातले ऊर्फ नाव राहू द्यावे. ज्या फाइलच्या बाबतीत सांगता येणार नाही, तिथे मूळ नाव पूर्ण लिहायला लावावे, मग ओळ कितीही लांब होवो.